नाल्याकाठच्या शिंदी आणि पांढरी चटई

मी द्वारकाबाई वैजनाथ तिडके, वय बावन्न, शिक्षण तिसरी, राहणार साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे, ती पसरली म्हणून डॉक्टरनं सांगितलं. मी बरं म्हणले आन् एसटीत बसले. माझ्यावर कोणी दबाव आणला न्हाई. तसं माणूस गावात अजून जन्मायचं आहे.

१. नाल्याकाठचं वीस गुंठे रान माझ्या बापानं मला चोळी-बांगडीत दिलं. सातबारा माझ्या एकटीच्या नावावर. दीर माणिकराव यांचा त्याच्यात काडीचा संबंध न्हाई. त्यांना बांधावरच्या शिंदी जेसीबीनं उपटून हळद लावायची आहे. ज्या चटईवर बसून ते हे बोलले, ती त्याच शिंदीच्या पाल्याची, मी विणलेली.

२. हे रान, सगळ्या शिंदी, मी बांधलेल्या दोन खोल्या आन् माझा विळा, सगळं माझी सून करुणा हिला.

माझा मुलगा माऊली बाळापूरच्या रस्त्यावर गाडी घसरून गेला, दोन वर्षं झाली. मला रडू आलं न्हाई, अजून येत न्हाई. त्याला लेकरू न्हाई. तेराव्याला माणिकराव म्हणले, "वहिनी, आता तिचं काय काम इथं? माहेरी धाडा." मी म्हणले, "भावजी, आधी जेवा."

३. आता माझं लिहिते. करुणा शहरातली. शिंदी तिनं फक्त केरसुणीत पाहिलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी बाजाराला गेले तवा, तिनं माझ्या आईनं लावलेल्या शिंदीचा मधला कोंब गाभ्यासकट काढला. त्याचं पातं पांढरं, मऊ असतं. पण आमी बाजूचा पाला काढतो. कोंब गेला की झाड मरतं. त्या पात्याची चटई विणून तिनं माझ्यापुढं अंथरली. "आत्या, बसा की."

मी बसले न्हाई. चार बायांत तिला कोंबकापी म्हणले. ते नाव तिला नऊ वर्षं चिकटलं.

त्या मेल्या खोडाकडं मी जात नव्हते. गेल्या उन्हाळ्यात गेले, तर तिथं सहा नव्या शिंदी. झाडायचे फडे विकायला न्यायला येणारा भीमसिंग म्हणला, "सुनेनंच लावल्या, बाई. त्याच वर्षी अकरा बिया टाकल्या, घागरीनं पाणी घातलं. तुमाला माहीत न्हाई?"

न्हाई. मी तिला विचारलंपण न्हाई.

४. करुणानं दुसरं लग्न केलं तरी रान तिचंच. शिंदी ठेवायच्या का काढायच्या, ती ठरवंल. कोंबकापी हे नाव मी परत घेते. गावानंपण घ्यावं.

५. ती पांढरी चटई वरच्या फळीवर गुंडाळून आहे. मी गेले की मला तिच्यावरच ठेवा. करुणानं अंथरावी. या टायमाला मी न्हाई म्हणणार न्हाई.

वाचून, समजून सही केली.
द्वारकाबाई वैजनाथ तिडके

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळणार न्हाई:
१. भीमसिंग उत्तमसिंग राठोड (सही)
२. प्रतिक्षा दिपक गडदे, अंगणवाडी ताई (सही)

ठिकाण: साखरा
दि. १४ मार्च २०२५