अर्जदार आणि त्याच्यासारखे इतर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याहून खाली हल्ली पाठ जाऊ देत नाही. उरलेला नमस्कार मनाने केला आहे असं समज.) तुझ्या डाव्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या पत्रात तू उजव्याबद्दल लिहिलं होतंस, पण त्याला उत्तर द्यायला मी इतके दिवस लावले की आता पाळी डाव्याची आली असणार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय शाळेतून निवृत्त व्हायला अजून दीड वर्ष आहे आणि त्या दीड वर्षात मला सुधारायचं तिने मनावर घेतलं आहे.

काम निघालं की मगच मला तुझी आठवण होते, असं तुझं नेहमीचं म्हणणं. या खेपेला तुझा आरोप टिकायचा नाही. या पत्रात काम काहीही नाही. नुसती हकिगत आहे, आणि ती कुणा तिसऱ्याने तिखटमीठ लावून तुला सांगण्याआधी माझ्याकडून कळावी एवढाच हेतू.

तर ताई, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी विद्यापीठात शिकायला जायचं ठरवलं. (हसून झालं असेल तर पुढे वाच.) कायद्याचा इतिहास हा विषय, दोन वर्षांचा पदव्युत्तर वर्ग, आठवड्यातून तीन दुपारी. हे घरी सांगितलं तेव्हा तुझ्या भावजयीने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि मग डबा नेणार की जेवून जाणार ते विचारलं. एकतीस वर्षं गणित शिकवल्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याचं तिला फार वेळ नवल वाटत नाही.

अडचण एकच होती, आणि ती तुला माहीत आहे. पदवी. शाळा संपली तशी आपण दोघं एकाच वकिलांच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. पाच वर्षं कारकुनी केली की वकिलीच्या परीक्षेला बसता येई, बसलो, पास झालो, सनद मिळाली, कॉलेजचं तोंड काही पाहिलं नाही. (तू माझ्या एकोणीस नंबर वर होतीस. हे मुद्दाम कंसात लिहितो आहे, म्हणजे नोंद राहील पण ठळक दिसणार नाही.) पुढे सरकारने ती वाटच बंद केली, त्यामुळे आपल्यासारखी माणसं आता नवीन तयार होत नाहीत, जुनी आहेत तेवढीच. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मात्र अगदी शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, पदवी नसल्यास त्या तोडीची व्यावसायिक परीक्षाही चालेल असा नियम मला सापडला. तो मी भिंग लावून तीनदा वाचला. मग सनद पाकिटात घातली आणि दाढी करून विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो.

खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. (कारकून भलेच असतात, आपणही होतो.) त्याने कॉम्प्युटरवर माझा अर्ज भरायला घेतला, पण पदवीचं वर्ष टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी त्याला नियम दाखवला. तो म्हणाला, ‘‘साहेब, नियम चालतो हो. कॉम्प्युटर चालत नाही.’’ पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी मिळून त्या यंत्राची मनधरणी केली आणि शेवटी त्याने मला सल्ला दिला, की सरळ कागदावर अर्ज करा, सोबत एक पत्र जोडा, कुणीतरी वाचेल.

इथे माझं नशीब फुटलं. घरी बसून चार ओळी हाताने खरडल्या असत्या तर हे रामायण झालंच नसतं. पण मी ऑफिसात गेलो, सवयीने खुर्चीत मागे रेललो आणि टंकलेखिका बाईंना मजकूर सांगू लागलो. तू म्हणशील, त्यात काय? ताई, चौतीस वर्षं मी एकाच चालीत बोलत आलो आहे. शिकण्याचा हेतू सांगा, असं अर्जात होतं. मी त्याचे चौदा क्रमांकित परिच्छेद केले आणि खाली वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा असल्याचं लिहून दिलं. आपले दोष कोणते, या प्रश्नापुढे ‘नाकबूल’ असं लिहिलं. आणि बाईंनी, त्यांच्याही सवयीने, पत्राच्या शेवटी आमच्या ऑफिसचं नेहमीचं शेपूट जोडलं, की सदर पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्तता न केल्यास होणाऱ्या सर्व परिणामांस आपण जबाबदार राहाल. मीही सवयीने न वाचता सही ठोकली.

परिणाम व्हायचा तोच झाला. विद्यापीठात असं शेपूट असलेला कागद आला की तो बाकी मजकूर न वाचता खटले सांभाळणाऱ्या कायदा विभागाकडे जातो. बाविसाव्या दिवशी मला उत्तर आलं, तेही चौदा परिच्छेदांचं. त्यात माझी सर्व विधानं एकेक करून फेटाळली होती. परिच्छेद सहामध्ये म्हटलं होतं, की अर्जदारास शिकण्याची इच्छा आहे हे विद्यापीठास मान्य नाही व ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे.

खरं सांगू? उत्तर इतकं सुरेख होतं की मला राग येण्याऐवजी हुरूप आला. मी लगेच प्रत्युत्तर लिहायला बसलो. तुझी भावजय वह्या तपासता तपासता म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला प्रवेश हवाय की निकाल?’’ मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अशी तीन उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. कायदा विभागाचे अधिकारी आणि मी एकमेकांचे इतके चाहते झालो की शेवटच्या पत्रात त्यांनी समासात पेन्सिलने ‘छान मुद्दा’ असं लिहिलं होतं. पण प्रवेशाची मुदत संपत आली. अखेर तिघा प्राध्यापकांच्या समितीपुढे मला बोलावलं.

मी काळा कोट घालून गेलो, हे तू ओळखलंच असशील. इतिहासाच्या विभागप्रमुख बाई शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी दोनदा सांगितलं की बसून बोला, खुर्ची तुमच्यासाठीच ठेवली आहे, तरी मी उभाच. पहिला प्रश्न आला, इतिहास आवडतो म्हणूनच आलात ना? मी म्हटलं, प्रश्न सूचक आहे, उत्तर त्यातच भरलं आहे, माझी हरकत आहे. त्याबरोबर कोपऱ्यात बसलेले कायदा अधिकारी हरकतीला विरोध करायला ताडकन उठले. बाईंनी आम्हा दोघांनाही खाली बसवलं. (शाळेनंतर मला असं कुणी बसवलं नव्हतं. बरं वाटलं.) मग त्यांनी त्यांची खरी धास्ती सांगितली. तुम्हाला घेतलं तर तुमच्यासारखे शेकडो लोक सनदा घेऊन दारात उभे राहतील, तुमच्यासारखे आहेत तरी किती? मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की नेमका आकडा आज सादर करता येणार नाही.

आणि मग बाईंनी अगदी साधं विचारलं, ‘‘कॉलेज नाही, शिक्षक नाहीत. मग तुम्हाला कायदा शिकवला कुणी?’’

ताई, तिथे माझी वकिली संपली. मी म्हटलं, बहिणीने. ऑफिस उघडण्याआधीचा तास, टंकलेखनाचं टेबल आणि पुस्तकांचा एकच संच. ती डावीकडे, मी उजवीकडे. तिचं पान आधी वाचून होई, मग ती पानाचा कोपरा बोटात धरून, माझं होईपर्यंत थांबून राही. मी निकाल काय लागला एवढंच वाचायचो. ती खालच्या तळटिपा वाचायची, त्या निकालाची वाट मुळात कुणी पाडली ते शोधायची. ऑफिसात वकिलाचं टेबल एकच रिकामं होतं, ते मला मिळालं आणि ती कोर्टाच्या दप्तरखान्यात गेली. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत जुनी कागदपत्रं लावत राहिली. हे सांगताना मला रुमाल काढावा लागला. (खोलीत धूळ होती असं मी घरी सांगितलं आहे, तूही तेच सांग.) कायदा अधिकाऱ्यांनीही हरकत घेतली नाही.

चार दिवसांनी लेखी निर्णय आला. मी पात्र ठरलो आहे. मागच्या आठवड्यात ओळखपत्रही मिळालं. त्यातला माझा फोटो एखाद्या फरार इसमासारखा आला आहे, पण त्याखाली ‘विद्यार्थी’ असं छापलं आहे, त्यामुळे मी तो दिसेल त्याला दाखवत सुटलो आहे.

बाकी सर्व कुशल. गुडघ्याला शेक दे, जिना टाळ, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा आज्ञेत असल्याचं भासवणारा,
धाकटा

ता. क. १ : वर्ग तळमजल्यावर आहे. जिना नाही. हे सहज लिहिलं.

ता. क. २ : एक बारीकशी गोष्ट राहिली. वर्गाला किमान सहा विद्यार्थी लागतात, नाहीतर तो या वर्षी उघडतच नाही. आम्ही पाच आहोत, मला धरून. शेवटची तारीख या महिन्याची अठ्ठावीस.

ता. क. ३ : कामाशिवाय पत्र लिहिलं म्हणालो ते खोटं होतं, माफ कर. निर्णयाची नक्कल सोबत पाठवतो आहे. पान दुसरं, ओळ तिसरी पाहा, ‘अर्जदार व त्याच्यासारखी अर्हता असलेल्या इतर व्यक्ती’. हे ‘इतर’ मी पहिल्या अर्जापासून लावून धरले होते आणि त्याच्यापायीच सगळं इतकं लांबलं; मला एकट्याला घ्यायला ते दुसऱ्या पत्रातच तयार झाले होते. समितीला मी आकडा सांगितला नाही, तुला सांगतो. इतर म्हणजे एकच व्यक्ती आहे. कुठलाही कागद भरताना शिक्षणापुढे तू ‘शालेय’ असं लिहून मोकळी होतेस, ते मला चौतीस वर्षं सलत आलं आहे. तुझा अर्ज भरून सोबत ठेवला आहे. सनदेचा क्रमांक मला पाठ आहे. फक्त पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. दोषांचा रकाना कोरा सोडला, मला काही सुचलं नाही. राहायला इथे ये; मागची खोली तुझ्या भावजयीने झाडून ठेवली आहे आणि दोन विद्यार्थ्यांवर एकदम लक्ष ठेवायची तिची तयारी आहे.

ता. क. ४ : सदर पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सही न आल्यास होणाऱ्या सर्व परिणामांस (म्हणजे मी तुझ्या दारात येऊन बसेन, काळ्या कोटासकट) तू जबाबदार राहशील. हे शेपूट या वेळी मी स्वतः लिहिलं आहे, आणि वाचून सही केली आहे. पुस्तकांचा संच मी एकच घेतला आहे. पहिलं पान माझं वाचून झालं. कोपरा बोटात धरून बसलो आहे, तू ये.