काकींच्या अंगणातला बुटाचा ठसा

शुक्रवार, संध्याकाळ. तुडील.

आज मी काकींवर ओरडले. आधी हेच लिहिते, नाहीतर सोयीस्करपणे विसरेन.

कॉलेजच्या शॉर्टफिल्मची सगळी व्यवस्था माझ्याकडे. काल इथल्या या काकींच्या अंगणात अर्धा सीन झाला. पोपडे निघालेलं, पेंढा विखुरलेलं अंगण होतं. आज उरलेला अर्धा घ्यायला गेलो, तर अंगण लख्ख सारवलेलं, वर रांगोळी! काकी खुशीत. "शूटिंग हाय ना गो, तसलं अंगण लोकांना दाखवायचं?"

आणि मी त्या ओल्या सारवणात बुटासकट उभी राहून ओरडले. आज शूटिंगचा शेवटचा दिवस, एकाच सीनमध्ये दोन तऱ्हेची अंगणं कशी चालतील, कालचं अंगण आता कुठून आणू? पण काही बदलू नका, हे त्यांना सांगायचं काम कुणाचं होतं? माझंच.

उन्हानं अंगण सुकलं तशा काकी खुरपं घेऊन स्वतःचंच सारवण खरवडायला बसल्या. शेजारणींना हाका मारल्या, "या गो, चपला घालून या, नाचा हितं!" कोंबड्यासुद्धा सोडल्या. दुपारी सीन पुरा झाला. कालचं अंगण आणि आजचं, फरक सांगता येणार नाही.

फक्त कडेला, कॅमेऱ्याबाहेर, माझ्या बुटाचा ठसा तसाच होता. निघताना नजर तिथेच गेली. कसंबसं म्हटलं, "काकी, आता खुशाल सारवा."

"माणूस निघाला की लगेच सारवत नाय गो. तो परत यायचा असतो."

ठसा अजून असेल तिथे.