बारा वाजताची निधनवार्ता

नखाटा बे,
मंगळवार

प्रिय टिवोंगे,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज ताव घेऊन बसलोय, म्हणजे म्हाताऱ्याला काहीतरी हवं असणार, असं तू म्हणशील. म्हण. लिलाँग्वेत तू फोन दुरुस्तीच्या दुकानात असतेस हे तुझ्या आईकडून कळलं. आईकडून म्हणजे कुंपणावरून. न्यामांडा हल्ली माझ्याशी तेवढंच बोलते.

आपलं रेडिओ केंद्र चालू आहे. संगणक अजून लिनक्सवरच, आपल्या त्या फुकट मिळणाऱ्या खुल्या प्रणालीवरच चालतात, आणि समितीतले ते तिघे अजूनही दर बैठकीला विचारतात की मास्तर, सगळी दुकानं, सगळ्या कचेऱ्या ज्यावर चालतात ते आपणच का घ्यायचं नाही? मग मी उभा राहतो. ज्या यंत्राचं पोट उघडून बघता येत नाही ते आपलं नाही, आपल्या घरात येऊन बसलेल्या परक्या मालकाचं आहे, हे भाषण मी आता झोपेतही करू शकेन. तू मागच्या बाकावरून म्हणायचीस, "मास्तर, क्रांती नंतर करू, आधी माईकचं बटण दाबा." पोरी हसायच्या, मीही हसायचो. आता मला मध्येच कुणी तोडत नाही. त्याने भाषणं लांबली, एवढंच.

गेल्या आठवड्यात केंद्रातला आवाज पुन्हा गेला. नवीन मुलीने तुझी वही काढली आणि तू लिहिलेल्या पायऱ्या एकेक करून तपासल्या: आवाजाची पट्टी शून्यावर आहे का, पडद्यावरचा कुठला रकाना मुका, म्हणजे म्यूट, केलाय का, आवाजाची सेवा पुन्हा सुरू करून बघा. दहा मिनिटांत सापडलं. तिनेच सकाळी तो रकाना मुका करून ठेवला होता. तिने वहीत तारीख घातली, कारण लिहिलं, पुढे "चूक माझी" असं लिहून स्वतःचं नाव लिहिलं आणि कामाला लागली. हा नियम माझा. प्रत्येक बिघाड नावानिशी, उघड लिहायचा, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडत नाही. आपल्या लिनक्सचं सगळं बळ त्यातच आहे, असं मीच तुम्हाला शिकवलं. मी मागची पानं चाळली. त्या दिवसाच्या पानावर तुझं अक्षर आहे: कारण सापडलं नाही.

ते पान मला चार वर्षं ठाऊक आहे, टिवोंगे.

वेडसन म्फांडेची आई, म्हातारी न्याचिर्वा, पहाटे गेली होती. वेडसन पलीकडच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या तळावर होता. तिथे फोन लागत नाही, आपला रेडिओ लागतो. बाराच्या निधनवार्तेत नाव ऐकलं की दोनच्या होडीने निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी मातीला पोचायचं, असंच तिथले सगळे करतात. म्हणून बाराला तळावर कुणी मोठ्याने बोलतही नाही. त्या दिवशी त्यांनी काय ऐकलं? काहीच नाही. तू पडद्यावर बघत होतीस, आवाजाची रेघ नाचत होती, आणि ट्रान्समीटरकडे टिपूसही जात नव्हता. माईकही त्याच संगणकातून जायचा, त्यामुळे तोंडाने वाचायचीही सोय नव्हती. तू पडद्यावर ती काळी खिडकी उघडून संगणकाला आज्ञा टंकत होतीस. घाम तुझ्या हनुवटीवरून कळफलकावर पडत होता. एकदा वळून तू विचारलंस, "मास्तर, तुम्ही कशाला हात लावलात का?" मी म्हणालो, "मी? मी कधी कशाला हात लावतो का?" तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

एक वाजून गेल्यावर तू बाजारातून दुसरं साउंड कार्ड आणायला सायकल काढलीस. खोलीत मी एकटा. आणि मला टीव्ही दिसला. आदल्या दिवशी पाहुण्यांना केंद्राचे फोटो मोठे करून दाखवायला मीच तो संगणकाला जोडला होता, आणि केबल तशीच राहिली होती. सकाळी संगणक सुरू झाला, त्याने समोर टीव्ही बघितला आणि सगळा आवाज त्याच्याकडे वळवला. टीव्हीचा आवाज मी पाहुण्यांसमोर पूर्ण बंद केला होता, माझ्या भाषणात खोळंबा नको म्हणून. मी केबल उपसली. संगणक बंद करून चालू केला. केंद्र बोलायला लागलं. अडीच वाजले होते, होडी गेली होती.

तू धापा टाकत आलीस तेव्हा मी म्हणालो की आपोआप आला. तुला पटलं नाही. आपोआप काही होत नसतं, मास्तर, असं म्हणत तू संध्याकाळपर्यंत शोधत राहिलीस.

वेडसन तिसऱ्या दिवशी आला, आईच्या ताज्या मातीशी बसला आणि तिथून थेट समितीच्या बैठकीत. ते तिघे टपलेलेच होते. केबलचं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा यांचं लिनक्स, मनाला येईल तिथे आवाज धाडतं. म्हणून मी उभा राहिलो. बिघाडाच्या आदल्या संध्याकाळी तू संगणक अपडेट केला होतास, ते मी धरलं. यंत्र निर्दोष आहे, माणूस निष्काळजी होता, असं मी म्हणालो. अर्धा तास बोललो. लिनक्स वाचलं. तू केंद्राची चावी टेबलावर ठेवून निघून गेलीस.

मागे राहिली तुझी आई. तुला ती कळवणार नाही, म्हणून मी सांगतो. मयताच्या घरी न्यामांडा कसाव्याच्या पिठाचं कोंडोवोले रांधायला जायची तेव्हा बायका तिच्या हातून पळी काढून घ्यायच्या. बस बाई, दमली असशील, म्हणायच्या. गेली दोन वर्षं ती जातच नाही. जी दुसऱ्यांच्या मातीला जात नाही तिच्या मातीला कोण येतं, हे तुला माहीत आहे. तिला सत्तरावं लागलंय.

येत्या शनिवारी न्याचिर्वाच्या थडग्यावर दगड बसवतायत. सगळा किनारा जमेल, आणि वेडसनने बोलायला मलाच बोलावलंय. तिथे सगळं सांगायचं मी ठरवलंय. पण ते तुझ्या कानावर बाजारातून येऊ नये, पहिल्यांदा तुलाच कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागायची माझी लायकी नाही. शनिवारी यावंसं वाटलं तर ये. इथवरचा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून मघाशी मी न्यामांडाकडे नेला. तिने दारातच उभ्याने वाचला, सावकाश, ओळीखाली बोट धरून. मी म्हणालो, शनिवारी हे मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. तिने कागदाची घडी घालून कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या गाठीत बांधली. "तुम्ही बोललात तर लोक टाळ्या वाजवतील, मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही नुसते उभे राहा. वाचणार मी."

तुझा म्हणवायचा हक्क घालवलेला,
मॅक्सन लोंगवे