मिलकाचा बैल

नंदुरबार, सोमवार, संध्याकाळ, १९३४

मिलकाच्या भावाचं पत्र आलं. मिलका, माझी कॉलेजातली मैत्रीण, एडनला वारली. तिच्या आठवणींच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आहेत, आणि याला त्यातलं तेलघाण्याचं पान काढून हवं. म्हणतो, मुलं साहेबी नोकरीत. आता आम्हा ज्यूंचं ते जुनं नाव, 'शनवार तेली', कशाला? मिलका लिहिते, शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याला, घाणा बंद; आजोबा बैलाची झापडं सोडत, तरी तो अंगणात गोल फिरत राही. हे खरं असेल? की लिहिण्याच्या भरात...

शेजारच्या सोनाबाई तेलिणीला पान वाचून दाखवलं. आज तिचाही घाणा बंद. हसलीच. "तिना शनवार, आमना सोमवार. चाला मास्तरीणबाई, दखाडस."

परसात बैल मोकळा, डोळे उघडे, आणि गोल फिरतोय!

पान का काढायचं, हे सांगितल्यावर सोनाबाई म्हणाली, "भाऊले तेलीसनी लाज वाटस का? मंग तेल कसाले खास?"

भावाला लिहिलं: पान राहील. तुमच्या बहिणीनं डोळ्यांनी पाहिलेलं मी खोडणार नाही. मुद्रितं उद्याच्या टपालानं छापखान्याकडे.

संशय घेतला तो मीच. कॉलेजातही तिची नजर माझ्याहून चांगली होती, हे तिला कधी सांगितलं नाही. खिडकीतून बैल दिसतो. अजून फिरतोय.