ठमीच्या काचपट्ट्या आणि माझ्या वाट्याची वाडी

मी, अनुसूया दामोदर करमरकर, वय ५८, वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेली विकृतिशास्त्राची अध्यापिका, राहणार चौल, जि. कुलाबा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते.

१. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली पोफळीची वाडी व तीतील घर माझ्या पश्चात पुतणी नलू हिचे. तिचे वडील, माझे थोरले बंधू विश्वंभर, यांना यात हक्क नाही. मी मुंबईहून आले की मढी चिरणारी म्हणून दादा मला विहिरीवर न्हाऊनच घरात घेत. उकाड्यात ते बरेच वाटे, म्हणून राग धरत नाही. पण नलूच्या डॉक्टरीलाही ते आडवे येतात, म्हणून वाडी तिलाच. दादांनी हयातभर ओटीवर बसून खुशाल सुपाऱ्या सोलाव्यात.

२. मायक्रोस्कोपही नलूस. माझे गुरू डॉ. हेगिष्टे यांनी तो देताना म्हटले होते, "बाई म्हणून कौतुकाने देत नाही, नजर आहे म्हणून देतो." त्या वाक्यावर मी तीस वर्षे काम केले.

३. मुलांच्या मेंदूतील गाठींच्या, मायक्रोस्कोपखाली पाहायच्या सर्व काचपट्ट्या महाविद्यालयास. त्यांतली पहिली ठमीची. म्हसळ्याकडची ही सहा वर्षांची मुलगी १९४९ साली आमच्या रुग्णालयात दगावली. तिच्या आईकडे, आवडाबाईकडे, मी मेंदू तपासण्याची परवानगी मागितली. तिने विचारले,

"त्यानं दुसऱ्या कुनाचं पोर वाचंल काय, बाय?"

"आज सांगता येत नाही. पण पाहिल्याशिवाय कधीच सांगता येणार नाही."

"मंग बघा. पन येनी परत घाला. येनीबिगर ती कुठं जात न्हवती."

वेणी मी स्वतः घातली.

ठमीची गाठ वाईट जातीची होती. अशा गाठी वर्षानुवर्षे पाहून चांगली आणि वाईट यांतला फरक डोळ्यांत मुरला. १९५७ साली हरिहरेश्वरचा सात वर्षांचा धर्मा टेबलावर होता. गाठ वाईट समजून सर्जन थांबले होते. मी तुकडा काचेवर पसरून पाहिला आणि म्हटले, "ही ती नव्हे. सगळी काढा."

"खात्री आहे?"

"आहे."

धर्मा आज मॅट्रिकला बसतो आहे. चालताना जरा डावीकडे कलतो, एवढेच. त्याला मी काही ठेवत नाही. त्याने मला पुष्कळ दिले.

धर्माच्या शस्त्रक्रियेच्या वर्षीच म्हसळ्याला जाऊन मी आवडाबाईला हे सांगितले. भात सडता सडता ती थांबली. "म्हंजे माझी ठमी कामाला आली," म्हणाली, आणि मला जेवल्याशिवाय सोडले नाही.

४. माझ्या सोन्याच्या दोन्ही बांगड्या आवडाबाईस. हे उपकार फेडणे नव्हे. ते फिटणारे नाहीत. आठवण म्हणून घालाव्यात.

५. काचपट्ट्या दाखवताना शिक्षकांनी प्रथम सांगावे की हे एक मूल होते. गाठीचे नाव नंतर.

६. माझा देह महाविद्यालयास द्यावा. दादा नको म्हणतील. नलूने त्यांना एवढेच सांगावे: आत्याने लोकांची लेकरे मागून घेतली आणि लोकांनी दिली. आता तिने स्वतःला राखून कसे ठेवावे?

या पत्राची अंमलबजावणी नलूने करावी.

हे वाचून, समजून, आम्हां दोघांदेखत बाईंनी सही केली:
कोंडाजी राघो म्हात्रे, चौल
गोदूबाई सखाराम नाईक, रेवदंडा

(सही) अनुसूया दामोदर करमरकर
चौल, ता. १४ फेब्रुवारी १९६६