चिठ्ठीशिवाय

लालबाग, मुंबई
रविवार, १२ मे २०२४

चि. मेघनास जयवंतकाकाचा आशीर्वाद.

तुम्ही तिघं बरे असाल. नाशिकला यंदा ऊन फार आहे असं टीव्हीवर सांगत होते. वैदेहीला दुपारची खेळायला सोडू नकोस. इकडे मिरचीचा सीझन चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर खिडकी लावून बसलं तरी ठसका लागतो.

परवा फोनवर मी "पत्राने कळवतो" म्हणालो तेव्हा तू हसलीस. "काका, आता पत्र कोण लिहितं?" बरोबर आहे तुझं. पण आपली खोली तुला माहीत आहे. वहिनी, म्हणजे तुझी आई, दिवसभर पलंगावर बसून असते आणि दिसायचं कमी झाल्यापासून तिला गॅलरीतलं बोलणंही ऐकू जातं. आत्ता जेवून पडली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी आईचं सांगतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन परवा तीन आठवडे झाले. प्रेशर अडतीस होतं, ते चौदावर आलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन चांगलं झालं. पण चांगलं झालं म्हणजे आहे तेवढं टिकेल, एवढंच. गेलेलं परत येणार नाही. मोतीबिंदू असता तर गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तिने तांदूळ निवडले असते. हा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडते, आत प्रेशर वाढत जातं आणि मागची नस थोडी थोडी मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेचं दिसेनासं होतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. उजवा डोळा तर गेलाच. डाव्याने समोरचं तेवढं दिसतं. ताट दिसतं, बाजूला ठेवलेली वाटी दिसत नाही.

ऑपरेशन झाल्यावर तुला कळवलं याचा तुला राग आला. वहिनीच म्हणाली, पोरीची नोकरी आहे, नातीची परीक्षा आहे, कशाला धावपळ. मीही लगेच हो म्हणालो. का, ते पुढे लिहितो.

मेघना, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तू आईला म्हणाली होतीस की चहा कपाबाहेर ओततेस, दाराला खांदा आपटतेस, चल डॉक्टरकडे. ती नाही म्हणाली. तू तिला हट्टी म्हणालीस, ती तुला काहीबाही बोलली आणि भाऊबीजेच्या आधीच तू निघून गेलीस. तेव्हापासून तुमचं बोलणं औषधापुरतं. त्या वेळी मी मध्ये पडून काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "मोतीबिंदू असेल, वयच आहे. पिकल्याशिवाय काढत नाहीत, घाई नको." मी म्हणालो म्हणून तू गप्प बसलीस. काका तेहतीस वर्षं मेडिकलमध्ये आहे, त्याला कळतं. वहिनीलाही तसंच वाटलं. ती हट्टी नव्हती गं. तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी दहावी पास. दुकानात आलो तो खोके उचलायला. मालक राजेशभाईंनी हळूहळू काउंटरवर घेतलं. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर, तो माणूस मी वर्षातून दोनदा बघायचो. सर्दी, खोकला, अंगदुखी, लोक माझ्याकडे येऊन विचारायचे आणि मी द्यायचो. गल्लीत मला डॉक्टर म्हणायचे. मला ते आवडायचं, हे आज कबूल करतो.

दादा गेला तेव्हा तू नववीत होतीस. वहिनी मसाला कुटायच्या डंखावर मिरची भाजायला लागली. रात्री डोळे लालभडक घेऊन यायची, पदराने चोळत बसायची. मला बघवायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी दुकानातून एक थेंबांची बाटली आणून दिली. तासाभरात डोळे पांढरे, खाज बंद. ती म्हणाली, "भावजी, ह्या औषध म्हणजे जादू आसा." ती मागायची, मी आणायचो. तिचं बघून डंखावरच्या बाकीच्या बायका मागायला लागल्या, त्यांनाही दिली. बाटलीवर छापलेलं असतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. तशा शंभर बाटल्यांवर छापलेलं असतं.

त्यात स्टेरॉइड होतं. आठवडाभर, फार तर दोन आठवडे घालायचं औषध. तिने नऊ वर्षं घातलं.

मार्चमध्ये जिन्यात पडली तेव्हा मी तिला परळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, तुझ्याहून लहान. उजेड टाकून बराच वेळ आत बघत राहिल्या, मग विचारलं, "आजी, डोळ्यात काय घालता?" वहिनीने कमरेची पिशवी सोडून बाटली काढली. बाईंनी नाव वाचलं आणि टेबलावर ठेवली.

"हे कोणी दिलं तुम्हाला?"

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो.

"दुकानातनं घेतलं," वहिनी म्हणाली.

"कुठल्या दुकानातून?"

"आता काय आठवत नाय. हयथय घेतलं."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"दीर."

"इतकी वर्षं घालत होत्या, तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हणालो, "नाही."

घरी आल्यावर म्हणाली, चहा टाका. मी स्टोव्हकडे तोंड करून उभा होतो तेव्हा मागून तिचा आवाज आला. "माका सगळा म्हायत आसा, भावजी. तुमी काय मुद्दाम नाय केलात. पण पोरीक सांगू नकात. ती तुमचा तोंड बगूची नाय."

दोन महिने मी तिचं ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

आता ते लिहितो ज्यासाठी हे पत्र आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात वैदेही इथे आली होती. डोळे चोळून चोळून तिने लाल केले होते. तीच बाटली मी तिला दिली. तू तिला घेऊन जाताना आणखी दोन दिल्या, नंतर एकदा कुरिअरने पाठवल्या. डॉक्टरबाईंनी प्रेशर हा शब्द उच्चारला तेव्हाच मला वैदेही आठवायला हवी होती. मला मी आठवलो. कोणी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच डोक्यात. मंगळवारी तपासणीला गेलो तेव्हा बाकावर एक आई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाने जाड चष्मा लावलेला. ती सांगत होती, डोळ्याच्या खाजेसाठी थेंब घालत होतो, कोणी काही सांगितलंच नाही. मी तिथून उठून बाहेर आलो आणि तुला फोन लावला. त्यातही खोटं बोललो. म्हणालो, बॅच खराब निघाली आहे, ते थेंब बंद कर आणि दुसरं काही आणू नकोस. तू म्हणालीस, "बरं झालं सांगितलंत, कालच नवीन फोडली. इथला मेडिकलवाला रिकामी बाटली बघून लगेच देतो."

बॅच खराब नव्हती. औषधही वाईट नाही. ऑपरेशननंतर बाईंनी वहिनीला त्याच जातीचे थेंब लिहून दिले. पण त्या दर आठवड्याला प्रेशर बघतात, एकेक थेंब कमी करत आणतात. माझ्या औषधावर नजर ठेवणारं कोणी नव्हतं.

हे पत्र मिळताच वैदेहीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. वर्षभर स्टेरॉइडचे थेंब घातलेत असं स्पष्ट सांग आणि प्रेशर मोजायला सांग. आजीला यानेच काचबिंदू झाला हेही सांग, एकाच घरात असं होऊ शकतं म्हणतात. कोणी दिले विचारलं तर माझं नाव घे.

वहिनी उठली. पाणी मागते आहे.

तुझा काका
जयवंत

*

लालबाग, मुंबई
रविवार, ३० जून २०२४

चि. मेघना,

आशीर्वाद लिहायचा की नाही यावर बराच वेळ अडलो. वैदेहीसाठी तरी लिहितो. तिला माझे अनेक आशीर्वाद.

तिचं प्रेशर सत्तावीस निघालं होतं, थेंब बंद केल्यावर अठरावर आलं आणि नस शाबूत आहे, हे तू आईला फोनवर सांगत होतीस तेव्हा मी गॅलरीत होतो. वहिनीने फोन ठेवला आणि "भावजी, पोर वाचली" असं ओरडून सांगितलं. बाजूच्या खोलीतले लोक बाहेर आले. मी त्यांना काय सांगणार? नळावर जाऊन तोंड धुतलं. दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितलंय म्हणे. चुकवू नकोस.

गेल्या रविवारी तू आईला न्यायला आलीस. तू आत आली नाहीस, जावईबापूंनी सामान उचललं. मी कपडे, रिपोर्ट, आधार कार्ड सगळं आधीच बांधून ठेवलं होतं, कारण तू नेणार हे मला कळलं होतं आणि तेच बरोबर आहे. वहिनी तुला म्हणत होती, "त्यांका काय बोलू नको. मीच मागत होतंय." मला म्हणालीस, "काका, बाबा गेल्यावर मी सगळं तुम्हाला विचारून करत आले." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

वहिनी म्हणते ते खरं आहे, ती मागायची. पण मागणारी बाहेर उभी होती. द्यायचं की नाही हे ठरवायला काउंटरच्या आत मी होतो. तिने कितीही वेळा स्वतःवर घेतलं तरी तू ते मानू नकोस.

मी दुकान सोडलं. राजेशभाईंना सांगितलं की ते थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका. ते म्हणाले, "जयवंत, आपण नाही दिलं तर पुढचा देईल. तू काय गल्लीभर फिरणार आहेस?" मग मी फिरलो. कोणाला दिलं ते सगळं आठवत नाही, याचीच झोप लागत नाही. आठवलं त्यांच्या दारात गेलो. डंखावरच्या सात जणींना दोन खेपांत हॉस्पिटलात नेलं. आधी कोणी यायला तयार नव्हतं, दिवसाची मजुरी बुडते. मग वहिनीने जायच्या आधी डंखावर निरोप धाडला, "माझ्याकडे येवन बगा." त्या आल्या. तिने त्यांच्यासमोर बाजूला ठेवलेला कप चाचपडत शोधून दाखवला. त्यानंतर कोणाला समजवावं लागलं नाही.

सातातली लतिका, ती सातरस्त्याची, चाळीसची असेल, तिचं प्रेशर वाढलेलं निघालं. वेळेत सापडलं, थेंबांवर राहील म्हणाले. ती बाकावर बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, तुम्हीच दिलेलं ना ओ?" मी हो म्हणालो. तिचा नवरा माझ्या अंगावर आला. वॉर्डबॉयने सोडवलं नसतं तरी चाललं असतं.

डॉक्टरबाईंनाही खरं सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अजून कोण कोण आहेत, तेवढं आठवत राहा. घेऊन या." तेच चालू आहे.

खोलीत आता मी एकटा. वहिनीच्या पलंगावर अजून बसलेलो नाही.

तुझ्या मनात माझ्याबद्दल काय असेल ते असू दे, मी काही मागण्यासाठी हे लिहीत नाही. आईच्या थेंबांचं तुला नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहितोय. निळ्या झाकणाची बाटली सकाळी आठ आणि रात्री आठ. पांढऱ्या झाकणाची फक्त झोपताना. दोन्ही लागोपाठ घालायची वेळ आली तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, नाहीतर पहिलं औषध वाहून जातं. एकच थेंब. घातल्यावर डोळा मिटायला सांग आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धर. वेळ चुकवू नकोस, या थेंबांनी बरं वाटत नाही म्हणून ते विसरले जातात. उरलेला डोळा त्यांच्यावरच आहे.

आणखी एक. ती दचकते. पहिले काही दिवस मला वाटायचं औषध झोंबतं. तसं नाही. हात कडेने येतो तो तिला दिसत नाही, एकदम डोळ्यावर काहीतरी आल्यासारखं होतं आणि ती मान मागे घेते. मग ओशाळते. तेव्हा समोर बस, हात तिच्या समोरून ने, आणि आधी सांग की मी आहे.

जयवंत