कंपनी कुठून चालते

३ फेब्रुवारी
सौदा पक्का झाला. आमच्या फर्मच्या प्राची मॅडमनी सकाळीच फोन करून सांगितलं. अंबरनाथच्या रंगांच्या कारखान्याची मालकी सिंगापूरच्या एका कंपनीकडे आहे आणि ती कंपनी आता जर्मन खरेदीदार घेतोय. माझं काम एवढंच, की तिचे निर्णय खरोखर सिंगापुरात होतात असं कायदेशीर मत माझ्या सहीने द्यायचं. निर्णय इथून होत असतील तर ती करापुरती भारतीय ठरते आणि सौदा मोडतो. मुक्कामाला जवळच कात्रपला फ्लॅट मिळालाय, भरपूर उजेडाचा. खाली वडे मिळतात. मजेत आहे.

५ फेब्रुवारी
संस्थापक हिरामण शेट वारले, पण अंबरनाथच्या ऑफिसात, कारखान्यापासून लांब, त्यांची केबिन तशीच आहे. त्यांच्या पत्नी राजाबाई रोज येऊन खुर्ची पुसतात. मी सहज टेकायला गेले तर म्हणाल्या, बाय, तिकरं नको बसू, शेट हायेत. मी हसून दुसरी खुर्ची ओढली. मसुदा तयार आहे, पानोपानी आद्याक्षरं केली. सही शेवटी.

९ फेब्रुवारी
संचालकांची बैठक इथूनच पडद्यावर पाहिली. मुलगा भूपेश आणि आणखी दोघे, तिघेही सिंगापुरात. प्रत्येक ठरावाआधी तिघे गप्प होतात, पडद्याच्या एकाच कोपऱ्याकडे बघतात आणि मग एकदम हात वर करतात. त्या कोपऱ्यात शेटच्या केबिनमधल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, म्हणजे ती रिकामी खुर्ची. भूपेशला विचारलं तर म्हणाला, बाबांचा आशीर्वाद घेतो मॅडम, त्यावर पण टॅक्स लावता की काय! हसले मीही. पण एका ठरावाला भूपेश नको नको म्हणत होता. तोंडाने नको, आणि हात वर.

११ फेब्रुवारी
कंपनीचे आधीचे सल्लागार चिंतामणी काका कात्रपलाच राहतात. भेटून आले. सून त्यांना भरवत होती. काकांचा उजवा हात खांद्यातून सरळ वर उभा, खाली येतच नाही. डॉक्टर म्हणतात शीर आखडली. काका म्हणाले, मत दिलं आणि सही केली, तेव्हापासून हा हात शेटचा. मग विचारलं, तू केलीस का गं? नाही म्हटलं. आद्याक्षरं? मी उजवा हात ओढणीखाली घेतला.

१२ फेब्रुवारी
मसुदा फाडला. नवा लिहिला: निर्णय अंबरनाथहून होतात. प्राची मॅडम भडकल्या. वेड लागलंय का, क्लायंट जाईल, तुझी पार्टनरशिप जाईल. म्हटलं, जाऊ दे. माझं मत माझं आहे.

१३ फेब्रुवारी
सकाळी लॅपटॉपवर उघडला तर मसुद्यात ‘सिंगापूर’. खोडून अंबरनाथ लिहिलं. चहा घेऊन आले, परत सिंगापूर. बोटांच्या टोकांना कारखान्याचा निळा रंग लागलाय. मी कारखान्यात पाऊलही टाकलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
केबिनमध्ये गेले. खुर्चीसमोर उभी राहून सांगितलं — शेट, कारखाना तुमचा असेल, हात माझा आहे. खुर्चीची गादी दबलेली होती. हळूच वर आली. कुणीतरी उठल्यासारखी.

१५ फेब्रुवारी
राजाबाई म्हणाल्या, सही करून टाक बाय, शेट कुनाचं ऐकत नाय. म्हटलं, मीही नाही. त्या रडल्या. उजवा हात — कोपरापर्यंत थंड. दात घासायचा ब्रश धरवत नाही.

१६ फेब्रुवारी
हात वर गेला. मी उचलला नाही. पट्ट्याने फ्लॅटमधल्या खुर्चीला बांधलाय —
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर घाण, पण माझं.

१७ फेब्रुवारी
भूपेश सकाळी सिंगापूरहून उतरला. अकराला कागद घेऊन फ्लॅटवर येणार, सही घ्यायला. सही उजव्या हाताची चालते, म्हणून आधीच लिहून ठेवते. त्या कागदावर माझी सही दिसली तर ती माझी नाही. ही कंपनी अंबरनाथहून चालते. मेलेला माणूस चालवतो. मी, वृंदा, हे मत बदलणार नाही, कितीही वेळा —
खाली गाडी थांबली.
पट्टा तुटला. दार मी उघडणार नाही. डाव्या हाताने कडी धरून ठेवी —